सरकारी दवाखान्यातली गोळी हलकी असते का?

"सरकारी गोळी फुकट, म्हणजे हलकीच," असा समज वर्षानुवर्षं फिरतोय. खासगी दुकानातली किंमत पाहता शंका येणं साहजिक आहे. पण किंमत कमी होते ती एकगठ्ठा खरेदीमुळे. तमिळनाडूत १९९५ पासून राज्यभराची औषधं एकत्र निविदा काढून, ब्रँडऐवजी मूळ नावाने घेतात. जाहिरातीचा खर्च वाचतो. वाटपाआधी प्रत्येक बॅचचे नमुने प्रयोगशाळेत तपासले जातात.

स्वतः पाहा: दोन्हीकडच्या पॅरासिटामॉलच्या पट्ट्या शेजारी ठेवा. दोन्हींवर औषधाच्या नावापुढे 'आयपी' (IP) असेल, तर दोन्हींना भारतीय औषधकोशाचा, म्हणजे औषधांच्या दर्जाचे निकष देणाऱ्या अधिकृत ग्रंथाचा, एकच निकष लागू. बॅच क्रमांक, मुदतही वाचा. गोळीचा भुगा झालेला किंवा रंग बदललेला दिसला, तर ती घेऊ नका. पट्टीसकट औषध देणाऱ्या फार्मासिस्टला दाखवा, मग ती सरकारी असो वा विकतची.