बर्बनचं पिंप आणि फ्लँडर्सचं फूडर: ओक तोच, काम वेगळं

मागच्या महिन्यात परत तेच झालं. घरी चौघं जमलो होतो, मी रोडेनबाख ग्रां क्रू ही बेल्जियमची आंबट बीअर उघडली, ग्लासात छान लालसर तपकिरी रंग उतरला आणि एका मित्राने पहिला घोट घेऊनच ग्लास खाली ठेवला, म्हणाला, "अरे ही गेलीय, व्हिनेगर झालंय हिचं." याच मित्राला त्याआधी बर्बनच्या, म्हणजे अमेरिकन व्हिस्कीच्या, पिंपात मुरवलेली ट्रिपेल (कडक, सोनेरी बेल्जियन धाटणीची बीअर) जाम आवडली होती, त्यामुळे "ओकमधली बेल्जियन" म्हटल्यावर त्याला तोच व्हॅनिला आणि तीच व्हिस्कीची ऊब हवी होती. चूक त्याची नाही. दोन्हीला ओक एज्ड, म्हणजे ओकमध्ये मुरवलेली, म्हणतात, दोन्हीत बेल्जियमचं नाव येतं, आणि सांगणारे दोन्ही एकाच टोपलीत टाकून मोकळे होतात.

व्हिस्की पिणाऱ्यांना पहिला प्रकार फार समजवायला नको. अमेरिकन कायद्यानुसार बर्बन आतून जाळलेल्या कोऱ्या ओकमध्येच ठेवावी लागते, म्हणून एकदा वापरलेली, साधारण 200 लिटरची पिंपं ढिगाने रिकामी होतात. मग ती स्कॉटलंडला जातात, आपल्या गोव्यात पॉल जॉनच्या सिंगल माल्टसाठी येतात, आणि बीअरवालेही घेतात. अमेरिकेतल्या मेन राज्यातली अलागॅश ब्रुअरी 'क्युरियू' नावाची बीअर बनवते ती अशीच, ट्रिपेल सात आठवडे बर्बनच्या पिंपात ठेवायची आणि नंतर त्यात ताजी ट्रिपेल मिसळायची. नेदरलँड्समध्ये ला ट्रापचे मठवाले त्यांची 10 टक्के अल्कोहोलची, ट्रिपेलहून गडद आणि कडक क्वाड्रुपेल वेगवेगळ्या पिंपांत मुरवतात. इथे लाकूड म्हणजे मसाला. जळलेल्या ओकमधून व्हॅनिला, खोबऱ्यासारखा वास, आणि फळ्यांत मुरलेली उरलीसुरली दारू बीअरमध्ये उतरते. यासाठी बीअर कडकच का घ्यावी लागते, तर हलकी असेल तर या वासाखाली पार दबून जाते. दोन-तीन वेळा वापरलं की पिंपातला दम संपतो.

आता दुसरा प्रकार, आणि घोळ सगळा इथेच होतो.

बेल्जियमच्या वेस्ट फ्लँडर्स प्रांतातल्या रूसेलारे गावात रोडेनबाखची 294 ओकची उभी पिंपं आहेत, त्यांना फूडर म्हणतात, माणसापेक्षा कितीतरी उंच, काही दीडशे वर्षांहून जुनी. एवढ्या जुन्या लाकडातून व्हॅनिला कुठून येणार? तो तर कधीच निघून गेला. मग ही पिंपं अजून जपतात कशाला, आणि दुरुस्त करायला घरचे कारागीर कशाला ठेवतात? कारण तिथे ओक चवीसाठी नाहीच, ओक हे जिवाणूंचं घर आहे. लाकडाच्या बारीक छिद्रांत लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू आणि ब्रेटानोमायसीस नावाचं रानटी यीस्ट टिकून राहतं, म्हणजे आपण दह्याचं भांडं न विसळता त्यातच पुन्हा दूध विरजावं, तसलं काहीतरी. त्यात लाकूड थोडी थोडी हवा आत सोडतं. हवा जास्त झाली तर असेटिक जिवाणू माजतात आणि खरंच व्हिनेगर होतं, म्हणून पिंप प्रचंड मोठं हवं: जितकं मोठं पिंप तितका लिटरमागे लाकडाशी संबंध कमी, तितकी हवा कमी. 200 लिटरच्या पिंपात दोन वर्षं ठेवलीत तर ती बीअर सांभाळणं फार अवघड. फूडरमध्ये मात्र दोन वर्षांत आंबटपणा, चेरीसारखा वास आणि थोडा तुरटपणा सावकाश जमून येतो, मग जुन्यात ताजी बीअर मिसळून तोल साधतात, ग्रां क्रूमध्ये साधारण दोन भाग जुनी आणि एक भाग ताजी.

म्हणजे फरक असा, की बर्बनच्या ट्रिपेलमध्ये आंबटपणा आला तर ती खरंच बिघडलेली आहे, बाटली परत करा. पिंपात जंतू शिरू नयेत म्हणून तिथे बनवणारे जिवाचं रान करतात. रोडेनबाखसारख्या फ्लँडर्सच्या लाल बीअरमध्ये आंबटपणा नसेल तर तीच बिघडली म्हणायची.

आणि "ओकमुळे आंबट होते" हे वाक्य कृपा करून बंद करा. बेल्जियममधल्याच औदनार्डे गावची लीफमन्स गौडनबँड ही बीअर 8 टक्क्यांची, स्टीलच्या टाक्यांत मुरते, लाकडाचा संबंध नाही, तरी आंबटगोड आहेच. आंबट करतात ते जिवाणू.

रंग, ग्लासचा आकार, टक्के यावर वाद घालत बसू नका. ट्रिपेल सोनेरी आणि साधारण 8-10 टक्क्यांची, ग्रां क्रू 6 टक्क्यांची, लेबल वाचलं की कळतं.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते बर्बनवाल्या ट्रिपेलबद्दल "बेल्जियन साधूंची शतकांची परंपरा" असं सांगणं. ट्रिपेल हे नावच बेल्जियमच्या वेस्टमाल मठाने 1930 नंतर रूढ केलं. त्याआधी 1919 मध्ये बेल्जियमने बारमध्ये कडक दारू द्यायला बंदी घातली होती आणि कडक बीअरला गिऱ्हाईक मिळायचं ते एक मोठं कारण होतं. या साधूंच्या डोक्यात बर्बन कुठून येणार, बर्बनच्या पिंपाची कल्पना अमेरिकन आहे आणि अगदी अलीकडची आहे. चांगलीच आहे, पण तिला रूसेलारेचं वय चिकटवू नका.

मला विचाराल तर मी दहापैकी आठ वेळा फूडरवालीच घेईन. बर्बनवाल्या बऱ्याच बीअर्समध्ये मूळ यीस्टचा केळं-लवंगेचा वास मेलेला असतो, क्युरियूमध्ये ताजी मिसळतात म्हणून ती वाचते. आणि दोन्हीपैकी कुठलीही असो, बर्फाळ पिऊ नका, फ्रीजमधून काढून वीसेक मिनिटं टेबलावर ठेवा. त्या रात्री मित्राचा ग्लास तसाच बाजूला पडून होता, अर्ध्या तासाने तळलेल्या बांगड्याबरोबर त्याने तो परत उचलला आणि म्हणाला, "आता चेरी लागतेय."