हळूहळू कूस बदलणारी कॉर्ड

सा, ग आणि प हे तीन स्वर एकत्र वाजवले की मेजर कॉर्ड तयार होते. ती तशीच वाजत ठेवली, तर थोड्याच वेळात कानाचे तिच्यावरचे लक्ष उडते. मॉड्युलर सिंथेसायझरवर, म्हणजे केबलने एकमेकांना जोडायच्या सुट्या भागांच्या इलेक्ट्रॉनिक वाद्यावर, तासन्‌तास ऐकत राहावे असे ध्वनिचित्र उभे करायचे, तर त्या कॉर्डमध्ये सतत काहीतरी बदलत राहावे लागते, आणि तेही इतक्या सावकाश की बदल नेमका कधी झाला हे ऐकणाऱ्याला सांगता येऊ नये.

रॉबर्ट मोग आणि डॉन बुक्ला यांनी १९६० च्या दशकात स्वतंत्रपणे घडवलेल्या या वाद्याचा पाया एका साध्या कल्पनेवर आहे: वाद्यातील जवळजवळ प्रत्येक गुणधर्म विद्युतदाबाने, म्हणजे व्होल्टेजने, नियंत्रित करायचा. ऑसिलेटर ध्वनिलहर निर्माण करतो, फिल्टर तिच्यातील उच्च वारंवारता कापतो, ॲम्प्लिफायर तिची पातळी ठरवतो, आणि या तिघांनाही केबलमधून येणारे व्होल्टेज चालवते. मोग यांच्या पद्धतीत १ व्होल्ट वाढला की स्वर बरोबर एक सप्तक वर जातो. सप्तकात १२ सेमीटोन असल्यामुळे एका सेमीटोनच्या वाट्याला सुमारे ८३ मिलिव्होल्ट येतात.

एवढ्याशा व्होल्टेजने काय घडू शकते ते पाहण्यासारखे आहे. वरच्या कॉर्डमधील फक्त षड्ज ८३ मिलिव्होल्टने खाली आणला की त्या जागी मंद्र निषाद येतो, आणि ग, प, नी ही मायनर कॉर्ड तयार होते. दोन स्वर जागचे हलले नाहीत, तिसरा एकच पाऊल सरकला, तरी साऱ्या आवाजाचा भाव पालटला. तिन्ही स्वर एकदम हलवण्यापेक्षा ही युक्ती मला कितीतरी सरस वाटते.

हा षड्ज हलवणार कोण? त्यासाठी एलएफओ असतो, म्हणजे कानाला ऐकू न येणाऱ्या अतिमंद वारंवारतेवर चालणारा ऑसिलेटर. त्याचे व्होल्टेज उणे ५ ते अधिक ५ असे फिरत असेल आणि ते थेट स्वराच्या जॅकला जोडले, तर स्वर १० सप्तके वरखाली धावतो. माणसाची श्रवणमर्यादाच साधारण तेवढी आहे! म्हणून मध्ये एक ॲटेन्युएटर ठेवून व्होल्टेज पुष्कळ कमी करतात आणि मग क्वांटायझरमधून नेतात. क्वांटायझर येणारे व्होल्टेज निवडलेल्या स्वरांपैकी सर्वांत जवळच्या स्वरावर बसवतो.

माझी पहिली फजिती इथेच झाली. व्होल्टेज दोन स्वरांच्या बरोबर सीमेवर रेंगाळले की क्वांटायझर गोंधळतो आणि तो स्वर पाखरासारखा फडफडू लागतो. क्वांटायझरच्या आधी सॅम्पल अँड होल्ड हा भाग जोडून ठरावीक ठोक्यालाच व्होल्टेज मोजले आणि पुढच्या ठोक्यापर्यंत तेच धरून ठेवले, की ही फडफड थांबते.

एकच एलएफओ सगळीकडे जोडला, तर सारे बदल एकाच तालावर होतात आणि कानाला तो आकृतिबंध चटकन उमगतो. तीन एलएफओंचे आवर्तन अनुक्रमे ७, ११ आणि १३ सेकंदांचे ठेवून पहिला षड्जाला, दुसरा फिल्टरला आणि तिसरा पंचमाच्या पातळीला जोडावा. या संख्यांना सामाईक विभाजक नसल्याने तिघे पुन्हा मूळ स्थितीत एकत्र यायला १००१ सेकंद, म्हणजे जवळजवळ १७ मिनिटे लागतात. १७ सेकंदांचा चौथा एलएफओ जोडला, तर हाच काळ पावणेपाच तासांच्या घरात जातो. ॲनालॉग एलएफओचे आवर्तन मुळात इतके काटेकोर नसते, त्यामुळे तंतोतंत पुनरावृत्ती प्रत्यक्षात होतच नाही.

याहून सूक्ष्म हालचाल स्वरांच्या आतच दडलेली असते. क्वांटायझर बहुधा सप्तकाचे १२ समान भाग करतो, आणि त्या मोजणीतला गांधार नैसर्गिक गांधारापेक्षा किंचित चढा पडतो. षड्ज २२० हर्ट्झचा धरला, तर नैसर्गिक गांधार २७५ हर्ट्झचा असतो, तर क्वांटायझरचा सुमारे २७७.२ हर्ट्झचा येतो. षड्जाचा पाचवा आणि गांधाराचा चौथा हार्मोनिक, म्हणजे मूळ वारंवारतेच्या पाचपट आणि चौपट असलेले त्यांच्यातले उपस्वर, मग जुळत नाहीत; त्यांच्यात सेकंदाला साधारण ९ वेळा चढउतार होतो आणि कॉर्ड थरथरल्यासारखी वाटते. गांधार ११ मिलिव्होल्टने उतरवला, की ती थरथर निवते. मला मात्र फिल्टर उघडत जाताना ती हळूच जागी झालेली आवडते, कारण फिल्टर बंद असताना हे वरचे हार्मोनिक ऐकूच येत नाहीत.

याच षड्जावर दुसरा ऑसिलेटर लावून त्यात केवळ १ मिलिव्होल्टचा फरक ठेवला, तर आवाज साडेसहा सेकंदांच्या संथ लयीत फुगतो आणि ओसरतो. ॲनालॉग ऑसिलेटरमधील ट्रान्झिस्टरवर तापमानाचा परिणाम होतो, म्हणून हा फरक कायम राहत नाही. वाद्य तापत जाते तसा त्या डोलाचा कालावधी कधी वाढतो, कधी घटतो, आणि कोणत्याही केबलने न घडवलेली एक हालचाल कॉर्डमध्ये आपसूक येऊन मिसळते.