सावलीला रंग कुठून आला

सिंधुदुर्गातल्या पिंगुळीत ठाकर मंडळींचा चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ पाहिलेल्याला चित्रकार नलिनी मालानी यांच्या अंधाऱ्या खोलीतली निम्मी करामत ओळखीची वाटेल. मागे उजेड, मध्ये आकृती, पुढे सावली. त्यांची वाट मात्र पिंगुळीवरून गेलेली नाही.

मालानींचा जन्म १९४६चा, कराचीतला. फाळणीत कुटुंब भारतात आलं. कॅमेरा त्यांनी १९६९मध्येच हाताळला, चित्रकार अकबर पदमसींच्या मुंबईतल्या व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉपमध्ये. १९९८मध्ये पोखरणच्या अणुचाचण्यांनंतर मंटोच्या फाळणीवरच्या कथेचं नाव घेतलेलं ‘रिमेंबरिंग टोबा टेकसिंग’ हे व्हिडिओ मांडणशिल्प आलं: पत्र्याच्या १२ ट्रंका, आत मॉनिटर. निर्वासितांचं सामान म्हणजे ट्रंक, वेगळं सांगावं लागत नाही.

रंगीत सावली आली ती उलट्या चित्रामुळे. हे तंत्र त्यांनी चित्रकार भूपेन खख्खर यांच्याकडून घेतलं. पारदर्शक प्लॅस्टिकच्या पाठीमागून रंगवायचं, म्हणून क्रमही उलटा: आधी डोळ्यातलं बुबुळ, मग पांढरं, मग चेहरा, शेवटी पार्श्वभूमी. चेहरा चढल्यावर बुबुळ दुरुस्त होत नाही. रंग पातळ असेल तर उजेड रंगीत होऊन पलीकडे जातो. जाड थर दिला की भिंतीवर नुसता काळा डाग.

२०१२मध्ये जर्मनीतल्या कासेलच्या डॉक्युमेंटा या कलाप्रदर्शनात असे रंगवलेले मायलरचे (पारदर्शक प्लॅस्टिक फिल्मचे) ५ दंडगोल टांगून फिरवले होते आणि व्हिडिओ त्यांच्यातून आरपार सोडला होता. अस्वस्थ करतं ते इथे. समजा भिंत प्रोजेक्टरपासून ३ मीटरवर, दंडगोलाचा मध्य १ मीटरवर, व्यास अर्धा मीटर. प्रोजेक्टरकडची बाजू ४ पट मोठी दिसते, भिंतीकडची २.४ पट. शिवाय दोन्ही बाजू विरुद्ध दिशांना सरकतात, त्यामुळे एक आकृती दुसरीच्या अंगातून चालत जाते. बाहुलीवाल्याचा हात हे करू शकत नाही. उलट दिव्याच्या थरथरत्या ज्योतीने बाहुलीत येणारा जीव प्रोजेक्टरला जमत नाही.

असलं काही कोकणातल्या कौलारू खोलीत मांडायचं तर पहिला शत्रू काचेचं कौल. दुपारी तेवढ्या एका चौकोनातून आलेला उजेड सगळी सावली धुऊन टाकतो. कापड नाही, काळा कागदच लावावा. दुसरा शत्रू पावसाळा. भिंतीला ओल आली की चित्राखाली डाग उठतात, लेन्सवर बुरशी धरते. प्रोजेक्टर बंद असताना घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलसोबत ठेवावा, पण गार झाल्याशिवाय डब्यात घालू नये.