दुहेरी ग्राफिक्स कार्ड

गेमिंग संगणकाच्या एकाच मदरबोर्डवर दोन ग्राफिक्स कार्डे बसवून गेममधली चित्रे काढण्याचे काम त्यांच्यात वाटून देण्याची रचना. सुमारे वीस वर्षे हौशी गेमरांना तिचे मोठे आकर्षण होते. नव्या गेमसाठी आज तिचा उपयोग जवळपास उरलेला नाही. तरीही सांगली-साताऱ्याकडे संगणक असेंबल करून घेताना ‘आत्ता एक कार्ड टाकू, पुढच्या वर्षी तसलंच दुसरं घेऊ’ हा बेत अजून कानावर येतो. जुने कार्ड स्वस्तात मिळते, त्यामुळे मोह होणे साहजिक आहे. पण गेमसाठी हा बेत सोडून द्यावा, आणि दोन कार्डांचे पैसे एकत्र करून एकच दमदार कार्ड घ्यावे.

थ्रीडीएफएक्स कंपनीने १९९८ साली व्हूडू २ या कार्डासोबत ही सोय एसएलआय या नावाने आणली. पडद्यावरच्या विषम ओळी एक कार्ड काढी, सम ओळी दुसरे. पुढे ही कंपनी डबघाईला आली आणि तिचे तंत्रज्ञान एनव्हिडिया या ग्राफिक्स कार्डांच्या कंपनीने विकत घेतले. २००४ मध्ये एनव्हिडियाने एसएलआय याच नावाने वेगळी पद्धत बाजारात आणली; २००५ मध्ये एटीआय कंपनीची क्रॉसफायर ही तशीच पद्धत आली, जी पुढे एएमडीकडे गेली.

या पद्धतींत बहुधा एक फ्रेम, म्हणजे पडद्यावरचे एक पूर्ण चित्र, पहिले कार्ड काढते, पुढची दुसरे. खरी गोम इथेच आहे. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे दर १६.७ मिलिसेकंदांनी एक फ्रेम. दोन कार्डांचा ताल चुकला की एक फ्रेम ५ मिलिसेकंदांत येते आणि तिच्यामागची २८ मिलिसेकंदांनी. पडद्याच्या कोपऱ्यातला फ्रेमचा आकडा ६० दाखवत राहतो, डोळ्यांना मात्र खेळ सेकंदाला ३० फ्रेम असल्यासारखा अडखळत चाललेला जाणवतो. सरासरी पाहून कार्ड निवडणाऱ्याला हे कळत नाही. माउस हातात घेऊन झटकन वळून पाहिले की लगेच कळते.

मेमरीबद्दलचा गैरसमज तर फारच पसरलेला आहे. ८ जीबीची दोन कार्डे लावली तर गेमला १६ जीबी मिळत नाहीत. दोन्ही कार्डांना तोच देखावा काढायचा असल्याने तेच टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागावर चढवायची चित्रे) दोन्हीकडे भरावे लागते, म्हणून हाती ८ जीबीच येते.

ही रचना मागे पडली ती मुख्यतः गेम बदलल्यामुळे. आजच्या गेममध्ये कडा गुळगुळीत करायला मागच्या फ्रेममधली माहिती पुढच्या फ्रेमला लागते. ती माहिती शेजारच्या कार्डात पडलेली असते. इकडे आणेपर्यंत दुसऱ्या कार्डाने वाचवलेला वेळ खर्ची पडतो. २०१५ च्या डायरेक्टएक्स १२ ने (विंडोजमध्ये गेम ज्याच्यामार्फत ग्राफिक्स कार्ड वापरतात ती प्रणाली) दोन कार्डे सांभाळण्याची जबाबदारी थेट गेम बनवणाऱ्यांवर टाकली, आणि मूठभर गिऱ्हाइकांसाठी ती मेहनत फार थोड्यांनी घेतली. २०२० मध्ये एनव्हिडियाची जीफोर्स ३० मालिका आली तेव्हा तिच्यात कार्डे जोडण्याची सोय फक्त ३०९० ला होती. १ जानेवारी २०२१ पासून एनव्हिडियाने नव्या गेमसाठी एसएलआय प्रोफाइल (त्या गेमचे काम दोन कार्डांत कसे वाटायचे याची जुळणी) देणे थांबवले. २०२२ च्या ४०९० वर तर तो जोड उरलाच नाही.

घरच्या विजेचा हिशेबही मांडून पाहावा. जीटीएक्स ९८० टीआय हे एके काळचे नावाजलेले कार्ड २५० वॅटचे. तशी दोन आणि सोबत प्रोसेसर वगैरे धरले की भर खेळात संगणक ६५० वॅटच्या आसपास जातो. घरोघरी दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो. लाइट गेली की संगणक तिथेच बंद. एसएमपीएसही (संगणकाच्या भागांना वीज पुरवणारा डबा) ८५० वॅटचा, चांगल्या प्रतीचा लागतो, म्हणजे स्वस्त कार्डाने वाचवलेले पैसे तिकडे जातात. रोज चार तास खेळले तर दुसऱ्या कार्डापायी महिन्याला ३० युनिट जास्त पडतात.

उष्णतेचा प्रश्न सांगलीत जास्त टोचतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो आणि स्लॅबखालची वरच्या मजल्यावरची खोली रात्रीही निवत नाही. कॅबिनेटमध्ये कार्डे एकाखाली एक बसतात. खालच्या कार्डाची गरम हवा वरच्या कार्डाचे पंखे ओढून घेतात. वरचे कार्ड तापले की ते आपला वेग उतरवते, आणि फ्रेमचा ताल आणखी बिघडतो. साताऱ्यात हवा थोडी बरी असली तरी कॅबिनेटच्या आतले गणित तेच राहते.

जुने कार्ड घेणाऱ्याने, मग ते एक असो वा दोन, आणखी एक गोष्ट पाहावी. २०१९ आणि २०२१ च्या कृष्णेच्या महापुरात सांगलीत कितीतरी घरांत-दुकानांत पाणी शिरले. पुरात भिजलेली वस्तू वाळवल्यावर चालू होते, पण आत गंज धरत जातो. कार्डाची सोनेरी पट्टी उजेडात धरावी, स्क्रूंच्या कडेला हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड दिसते का ते बघावे, पंख्याच्या फटीत सुकलेला गाळ आहे का तेही तपासावे. त्यानंतर दुकानातच अर्धा तास जड गेम चालवून दाखवायला सांगावे.

दोन कार्डांना आज खरे काम आहे ते गेमबाहेर. ब्लेंडर या थ्रीडी चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये रेंडर करताना, म्हणजे अंतिम चित्र काढून घेताना, दोन्ही कार्डे चित्राचे वेगवेगळे भाग घेतात आणि वेळ बराच कमी होतो, कारण तिथे फ्रेमचा ताल सांभाळावा लागत नाही. भाषेची मोठी मॉडेल्स घरच्या संगणकावर चालवणारेही मॉडेलचे थर दोन कार्डांत वाटतात. इथे मात्र दोघांची मेमरी खरोखर एकत्र उपयोगी पडते. अशा कामासाठी मदरबोर्ड घेताना दुसऱ्या मोठ्या स्लॉटला किती लेन (माहिती ये-जा करण्याच्या वाटा) आहेत हे दुकानदाराला विचारावे. पुष्कळ मध्यम किमतीच्या बोर्डांवर तो दिसायला पूर्ण लांबीचा असतो, पण त्याला चारच लेन असतात. चांगल्या बोर्डांवर सोळा लेन आठ-आठ अशा वाटल्या जातात.