पगाराचा थकीत फरक एकदम मिळाला? जादा आयकर टाळण्यासाठी फॉर्म १०-ई : पात्रता, कागदपत्रे आणि भरण्याची पद्धत

फेब्रुवारीचं पगारपत्रक हातात घेऊन आमच्या शाळेतल्या एक बाई स्टाफरूममध्ये बराच वेळ नुसत्या बसून होत्या. बारा वर्षांच्या सेवेनंतर मिळणारी वरिष्ठ वेतनश्रेणी त्यांना तीन वर्षं उशिरा मंजूर झाली. आधी प्रशिक्षण लांबलं, मग प्रस्ताव परत आला, मग फरकाच्या बिलाला तरतूद नव्हती. शेवटी तीन वर्षांचा फरक एका दमात जमा झाला आणि त्यावरचा आयकर फेब्रुवारीच्या पगारातून कापला गेला. महिन्याच्या पगारातलं जेमतेम किराणा भरण्यापुरतं उरलं. "काम मी तेव्हाच केलं होतं ना? पैसे त्यांनी उशिरा दिले. मग जास्तीचा कर मी का भरायचा?" असं त्या विचारत होत्या.

बाईंचं म्हणणं कायद्याला मान्य आहे. आयकर अधिनियम १९६१ मधलं कलम ८९ नेमकं याचसाठी आहे. पण ही सवलत आपोआप मिळत नाही. त्यासाठी फॉर्म १०-ई स्वतः ऑनलाइन भरावा लागतो, आणि तोही आयकर विवरणपत्राच्या (रिटर्नच्या) आधी. घामाचे पैसे असूनही केवळ हा फॉर्म माहीत नसल्यामुळे हजारो रुपये सोडून दिलेले लोक मी पाहिले आहेत, म्हणून हे जरा सविस्तर लिहितो आहे.

कर वाढतो कसा

थकीत पगारावर आधीच्या वर्षी कर लागलेला नसेल, तर तो ज्या वर्षी मिळाला त्या वर्षाच्या उत्पन्नात धरला जातो. म्हणजे तीन वर्षांची कमाई एकाच वर्षाच्या डोक्यावर बसते आणि माणूस कराच्या वरच्या टप्प्यात ढकलला जातो. कलम ८९ सांगतं, की हाच पैसा वेळच्या वेळी मिळाला असता तर जेवढा कर बसला असता, त्याहून जास्त बसत असेल तर तेवढा जास्तीचा कर माफ. इथे एक गैरसमज आधीच दूर करतो. ही रक्कम करमुक्त होत नाही, फक्त उशिरामुळे वाढलेला भार उतरतो.

बाईंचाच हिशोब सोपे आकडे धरून मांडतो. २०२५-२६ मध्ये त्यांनी नवीन करप्रणाली घेतली. प्रमाणित वजावट वजा करून, फरक न धरता, करपात्र उत्पन्न ११,६०,००० रुपये. बारा लाखांपर्यंत कलम ८७ए ची सूट असल्याने यावर कर शून्य. फरक मिळाला १,८०,००० रुपये, म्हणून उत्पन्न झालं १३,४०,०००. आता सूट गेली. चार ते आठ लाखांवर ५ टक्क्यांनी २०,०००, आठ ते बारावर १० टक्क्यांनी ४०,०००, वरच्या १,४०,००० वर १५ टक्क्यांनी २१,०००. एकूण ८१,००० आणि त्यावर ४ टक्के उपकर धरून ८४,२४० रुपये. ज्या बाईंना एक रुपया कर नव्हता, त्यांच्या एक लाख ऐंशी हजारांतले चौऱ्याऐंशी हजार गेले.

आता मागे जाऊ. हा फरक २०२२-२३, २०२३-२४ आणि २०२४-२५ या तीन वर्षांचा, प्रत्येकी ६०,०००. त्या वर्षी त्या जुन्या प्रणालीत होत्या आणि त्यांचं करपात्र उत्पन्न अनुक्रमे ७,९०,०००, ८,६०,००० आणि ९,३०,००० होतं. तिन्ही वर्षं २० टक्क्यांच्या टप्प्यात. प्रत्येक वर्षी ६०,००० वर १२,००० कर आणि ४८० उपकर, म्हणजे १२,४८०. तिन्ही मिळून ३७,४४०. आत्ताच्या ८४,२४० मधून हे वजा केले की उरतात ४६,८०० रुपये. हीच कलम ८९ ची सवलत. कापलेल्या करातले ४६,८०० परत.

हिशोब नेहमी असाच बाजूने लागेल असं मात्र नाही. जुन्या प्रणालीत पाच लाखांपर्यंत पूर्ण सूट होती. समजा एखाद्या लिपिकाचं मागच्या एका वर्षाचं उत्पन्न ४,८०,००० होतं आणि त्यात ६०,००० मिळवले, तर ते ५,४०,००० होतं, सूट जाते आणि त्या एका वर्षाचाच कर २१,३२० भरतो. मागच्या वर्षांची बेरीज आत्ताच्या वाढीव कराहून जास्त आली, तर सवलत शून्य. वेगळा दंड वगैरे काही नाही, फक्त दावा करायचा नाही. म्हणून आधी कागदावर मांडणी करा.

कोणाला मिळते

राज्य व केंद्र सरकारी कर्मचारी, जिल्हा परिषद, नगरपालिका, महापालिका, अनुदानित शाळा, विद्यापीठं, सहकारी संस्था आणि खासगी कंपन्या, सगळीकडचे पगारदार. अट एकच, मिळालेली रक्कम 'पगार' या शीर्षाखाली करपात्र हवी. वेतन आयोगाचा फरक, वरिष्ठ किंवा निवडश्रेणीचा फरक, उशिरा मिळालेली वेतनवाढ, निलंबन काळ नियमित झाल्यावर मिळालेला पगार, न्यायालयाच्या आदेशाने मिळालेली वेतनाची थकबाकी, निवृत्तिवेतनाचा फरक हे सगळं त्यात बसतं. आगाऊ मिळालेला पगारही बसतो.

कुटुंब निवृत्तिवेतनाची थकबाकी पगाराच्या शीर्षाखाली येत नाही, तरी तिला ही सवलत आहे. नवऱ्याच्या पश्चात निवृत्तिवेतनाची फाईल दोन-तीन वर्षं फिरत राहिलेल्या कितीतरी भगिनी आहेत. एकरकमी पैसे हातात आल्यावर त्यांना हे सांगणारं कोणी नसतं. तुमच्या ओळखीत कोणी असेल तर आवर्जून सांगा.

कंत्राटी लोकांची गोष्ट निराळी, आणि ती मला खुपते. ज्यांना कामाचा मोबदला पगार म्हणून नव्हे, तर व्यावसायिक शुल्क म्हणून दिला जातो आणि कलम १९४जे खाली कर कापला जातो, त्यांचं मानधन वर्षभर थकलं तरी कलम ८९ त्यांच्या कामी येत नाही. तेच काम, तेच टेबल, तोच उशीर. आपला कर कोणत्या कलमाखाली कापला गेला, हे पोर्टलवरच्या फॉर्म २६एएस मध्ये, म्हणजे तुमच्या नावे कापलेल्या कराच्या उताऱ्यात दिसतं. ते आधी बघा.

महागाई भत्त्याच्या फरकाबद्दल नेहमी विचारलं जातं. जुलैपासूनचा वाढीव भत्ता त्याच आर्थिक वर्षात, मार्चच्या आत मिळाला, तर १०-ई चा प्रश्नच नाही. जानेवारीपासूनचा भत्ता ऑगस्टमध्ये मिळाला, तर फक्त जानेवारी ते मार्च हे तीन महिने मागच्या वर्षाचे. दोन्ही वर्षी टप्पा एकच असेल, तर हाती काहीच लागत नाही.

सरकारी कर्मचाऱ्यांची ग्रॅच्युइटी आणि अंशराशीकरणाची (निवृत्तिवेतनाचा काही भाग विकून एकरकमी घेतलेली) रक्कम मुळात करमुक्त असते, त्यामुळे फॉर्ममधली त्यासाठीची परिशिष्टं आपल्याला लागत नाहीत. आपलं काम परिशिष्ट १ शी, म्हणजे थकबाकीच्या परिशिष्टाशी.

कागदपत्रे

सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे फरकाचा तक्ता, ज्याला कार्यालयात 'ड्यू-ड्रॉन' म्हणतात. महिनावार देय किती, दिले किती, फरक किती. हा तक्ता मागून घ्या, आणि मिळाल्यावर पेन्सिल घेऊन मार्च आणि एप्रिलच्या मधे आडवी रेघ मारा. कार्यालयात बेरीज बहुतेक वेळा सलग केलेली असते आणि आपल्याला ती आर्थिक वर्षानुसार हवी असते. सगळ्यात जास्त चुका याच रेघेपाशी होतात. फेब्रुवारीचा पगार मार्चमध्ये मिळतो म्हणून काही जण एक महिना इकडचा तिकडे करतात. देय कोणत्या वर्षाचं, हे पूर्वीच्या वर्षांच्या फॉर्म १६ मध्ये (कार्यालय देतं त्या करकपातीच्या प्रमाणपत्रात) मार्चचा पगार कुठे धरला आहे ते पाहून तसंच ठेवा.

त्याशिवाय मंजुरी आदेशाची प्रत, फरक ज्या ज्या वर्षांचा आहे त्या प्रत्येक वर्षाचा फॉर्म १६, त्या वर्षांची भरलेली विवरणपत्रं आणि चालू वर्षाचा फॉर्म १६ लागेल. मागच्या वर्षांचं करपात्र उत्पन्न विवरणपत्रातूनच घ्या, आठवणीने लिहू नका. जुनी विवरणपत्रं तुमच्या ई-फायलिंग खात्यात सापडतात. पॅन आणि आधार जोडलेलं हवं, आणि आधारशी असलेला मोबाइल क्रमांक चालू हवा, कारण ओटीपी तिथेच येतो. यातलं काहीही फॉर्मसोबत अपलोड करायचं नसतं. पण पुढे विचारणा झाली तर हेच दाखवावं लागेल.

आहरण व संवितरण अधिकाऱ्याकडे आधी

कलम १९२(२ए) प्रमाणे तुम्ही १०-ई मधला तपशील भरून या अधिकाऱ्याकडे, म्हणजे पगार काढणाऱ्या कार्यालयाला दिला, तर कर कापतानाच ही सवलत धरता येते. डिसेंबर-जानेवारीत कर गणनापत्रक मागतात, त्यासोबतच हा हिशोब जोडा. तसं झालं तर फेब्रुवारीचा पगार वाचतो आणि परताव्याची वाट पाहावी लागत नाही.

इथे मी स्वतः फसलो होतो. माझ्या निवडश्रेणीच्या फरकावेळी कार्यालयाने सवलत धरली, फॉर्म १६ मध्ये ती ओळ छापून आली, आणि मला वाटलं काम झालं. विवरणपत्र भरलं, आणि काही महिन्यांनी, विवरणपत्र तपासल्यावर विभाग पाठवतो ती कलम १४३(१) ची सूचना आली. सवलत नामंजूर, वर व्याज. कारण कार्यालयाला दिलेला कागद वेगळा आणि आयकर विभागाकडे ऑनलाइन भरायचा १०-ई वेगळा. दोन्ही करावे लागतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

ऑनलाइन भरताना

आयकर विभागाच्या ई-फायलिंग पोर्टलवर पॅन आणि पासवर्ड टाकून आत जा. 'ई-फाईल' मध्ये 'इन्कम टॅक्स फॉर्म्स', त्यात 'फाईल इन्कम टॅक्स फॉर्म्स'. व्यवसायाचं उत्पन्न नसलेल्या व्यक्तींच्या विभागात १०-ई सापडेल. मग आकारणी वर्ष निवडायचं. इथे थांबा. फरक ज्या वर्षांचा आहे ती वर्षं नव्हे, तर तो ज्या वर्षी मिळाला त्याचं आकारणी वर्ष. पैसे २०२५-२६ मध्ये मिळाले, तर आकारणी वर्ष २०२६-२७. हे चुकलं तर फॉर्म भरूनही न भरल्यासारखा होतो.

पुढे पगार किंवा कुटुंब निवृत्तिवेतनाच्या थकबाकीचा पर्याय निवडा. तुमची वैयक्तिक माहिती बहुतेक आधीच भरलेली असते. परिशिष्टात वरच्या भागात चालू वर्षाचे आकडे येतात: फरकाशिवाय उत्पन्न, फरक, दोन्हीवरचा कर. खाली 'तक्ता ए' मध्ये मागच्या प्रत्येक वर्षासाठी एक ओळ: वर्ष, त्या वर्षाचं उत्पन्न, त्या वर्षाचा फरक, बेरीज, आधीचा कर, वाढलेला कर आणि तफावत. कर त्या त्या वर्षाच्या दराने आणि त्या वर्षी तुम्ही जी करप्रणाली घेतली होती तिच्याप्रमाणे काढायचा. जुना फरक असेल तर जपून: २०१६-१७ मध्ये अडीच ते पाच लाखांवर १० टक्के होते, पुढच्या वर्षापासून ५ झाले. उपकर २०१७-१८ पर्यंत ३ टक्के होता, नंतर ४. सवलत दोन्ही करप्रणालींत मिळते, नवीन प्रणाली घेतली म्हणून ती जात नाही.

सगळं तपासून आधार ओटीपीने पडताळणी करा आणि पोचपावती उतरवून ठेवा. त्यानंतर विवरणपत्र. त्यात 'कलम ८९ खाली सवलत' असा रकाना आहे, तिथे १०-ई मध्ये आलेला आकडा जसाच्या तसा टाका.

विवरणपत्र आधीच भरून झालं असेल, तर सुधारित विवरणपत्राची मुदत असेतो मार्ग आहे: १०-ई भरा आणि मग सुधारित विवरणपत्रात सवलत मागा.

भविष्य निर्वाह निधीत जमा झालेल्या फरकाचं काय

महाराष्ट्रात सातवा वेतन आयोग १ जानेवारी २०१६ पासून लागू झाला, पण वाढीव पगार प्रत्यक्ष सुरू झाला जानेवारी २०१९ पासून. मधल्या तीन वर्षांची थकबाकी पाच हप्त्यांत द्यायचं ठरलं, आणि ज्यांचं भविष्य निर्वाह निधी खातं होतं त्यांचे हप्ते त्या खात्यात गेले. हातात पैसे आले नाहीत म्हणून ते उत्पन्न नाही, असं होत नाही. ज्या वर्षी हप्ता जमा झाला, त्या वर्षी तो पगारात धरला जातो, आणि त्यावरही १०-ई चा हक्क आहे.

आता केंद्राचा आठवा वेतन आयोग न्यायमूर्ती रंजना देसाई यांच्या अध्यक्षतेखाली नेमला गेला आहे. अहवालाला अठरा महिन्यांची मुदत आहे आणि राज्याचा निर्णय त्यानंतर. मागचा अनुभव धरला, तर पुन्हा काही वर्षांचा फरक एकदम येईल. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम २०२५ लागू होतो. ही सवलत त्यातही कलम १५७ मध्ये ठेवलेली आहे. 'आकारणी वर्षा'ऐवजी 'कर वर्ष' हा शब्द दिसेल. त्या तारखेनंतर मिळालेल्या फरकासाठी पोर्टलवर नवीन कायद्याखालचा फॉर्म बघून घ्यायचा. दरवर्षीचा फॉर्म १६ आणि मार्चचं पगारपत्रक मात्र आत्तापासूनच एका फाईलला लावून ठेवा, तक्ता ए भरायला तेच लागेल.