चार्जरच्या आधीची वीज

इलेक्ट्रिक गाड्यांचं चार्जिंग स्टेशन उभारायचं ठरलं की पहिली चर्चा होते ती चार्जर कोणता घ्यायचा याची. खरं तर चार्जर बसवणं हा या कामातला सोपा भाग. वेळ आणि पैसा खातात ते वीजजोड, ट्रान्सफॉर्मर आणि जमिनीखालची केबल.

60 किलोवॅटचा डीसी चार्जर (बॅटरीला थेट एकदिश प्रवाह देणारा) 95 टक्के कार्यक्षमतेने चालतो असं धरलं, तर तो पुरवठ्यातून सुमारे 63 किलोवॅट ओढतो. उरलेल्या 3 किलोवॅटची उष्णता होते. तिला बाहेर पडायला चार्जरभोवती मोकळी जागा सोडावी लागते. 400 व्होल्टच्या थ्री-फेज जोडणीवर एका फेजमधून सुमारे 92 अँपिअर वाहतात. असे चार चार्जर एकदम पूर्ण भाराने चालवायचे तर 315 केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर हवा. पण बॅटरी साधारण 80 टक्के भरली की गाडी आपणहून प्रवाह कमी करत जाते. त्यामुळे चार्जरमध्ये भार वाटून देणारी यंत्रणा बसवली, तर वीज कंपनीकडून कमी भार मंजूर करून घेतला तरी भागतं. काटकसर करायचीच तर इथे करावी, जमिनीखालच्या केबलच्या पाइपांत नको. चर पुन्हा खोदण्यापेक्षा दोन जास्तीचे रिकामे पाइप आधीच पुरून ठेवणं केव्हाही स्वस्त.

केबलचं अंतरही हिशेबात धरावं लागतं. 35 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध 20 अंश सेल्सिअसला किलोमीटरमागे 0.524 ओहम असतो. पॅनेलपासून चार्जर 100 मीटरवर असला, तर 92 अँपिअरला तिन्ही फेज मिळून सव्वा किलोवॅटहून जास्त वीज केबलमध्येच जिरते. तार तापली की रोध वाढतो आणि नुकसानही. म्हणून पॅनेल चार्जरच्या जवळ आणावं, नाहीतर केबल जाड घ्यावी.

जोडणीत सगळ्यांत जास्त त्रास देतात ते सैल लग, म्हणजे केबलच्या टोकाला बसवून बोल्टने आवळायचे धातूचे तुकडे. नुसत्या 1 मिलिओहमच्या वाईट सांध्यात 92 अँपिअरला साडेआठ वॅट उष्णता तयार होते, तीही नखाएवढ्या जागेत. रोज तापणं आणि निवणं चालू राहिलं की बोल्ट आणखी सैल होतो, आणि शेवटी इन्सुलेशन करपतं. त्यामुळे बोल्ट हाताच्या अंदाजाने न आवळता टॉर्क पान्याने, उत्पादकाने दिलेल्या मापाला आवळावा आणि वर रंगाची खूण करावी. बोल्ट हलला तर ती तुटलेली दिसते.

वीज सोडण्याआधी मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारं उपकरण) लावून 500 व्होल्टवर केबलचं इन्सुलेशन तपासतात. किमान 1 मेगाओहम हवा, पण नव्या केबलचं माप त्याच्या कितीतरी पट येतं; जेमतेम 1 आला तर ग्लँडमध्ये (केबल पेटीत शिरते तिथल्या घट्ट जोडात) पाणी शिरलंय का ते पाहावं. या वेळी चार्जर आणि सर्ज अरेस्टर (व्होल्टेजच्या अचानक उसळीपासून वाचवणारं उपकरण) सोडवून ठेवायचे, नाहीतर माप चुकतं आणि इलेक्ट्रॉनिक्सही जळू शकतं. मग अर्थिंगचा रोध, फेजचा क्रम आणि न्यूट्रल. न्यूट्रल तुटका राहिला, तर 230 व्होल्टच्या उपकरणावर जवळपास 400 व्होल्ट येऊ शकतात.

एसी चार्जरला (गाडीला प्रत्यावर्ती प्रवाह देणाऱ्या) आरसीडी, म्हणजे वीजगळती ओळखून पुरवठा तोडणारा स्विच, निवडताना चूक हमखास होते. गाडीतून 6 मिलिअँपिअरपेक्षा जास्त डीसी गळती झाली, तर टाइप ए आरसीडी आंधळी होऊ शकते आणि खरा धोका आला तरी पडत नाही. चार्जरमध्ये डीसी गळती ओळखण्याची सोय नसेल, तर डीसी गळतीही ओळखणारी टाइप बी लावावी.

वीज आली तरी गाडी लगेच चार्ज होत नाही. आधी कंट्रोल पायलट नावाच्या तारेवर बोलणं होतं. नुसत्या चार्जरवर 12 व्होल्ट, गाडी जोडली की 9, गाडी तयार झाली की 6. एसीमध्ये याच तारेवरच्या 1 किलोहर्ट्झ स्पंदांची रुंदी गाडीला किती प्रवाह मिळेल ते सांगते. 50 टक्के म्हणजे 30 अँपिअर. व्होल्टेज 9 वरच अडकलं, तर चार्जरला दोष देण्याआधी गाडीत ठरावीक वेळेचं चार्जिंग लावलेलं नाही ना, ते बघावं.

चार्जरवर दूरून लक्ष ठेवणाऱ्या सर्व्हरला तो जोडला जात नसेल, तर बऱ्याचदा कारण क्षुल्लक निघतं: तळघरात सिमला रेंज नसते, किंवा चार्जरचं घड्याळ चुकीचं असल्याने सुरक्षा प्रमाणपत्र नाकारलं जातं.

शेवटची चाचणी पूर्ण भारावरची. तिच्यासाठी बॅटरी बरीच रिकामी असलेली गाडी आणावी. भरत आलेली गाडी 60 किलोवॅट घेणारच नाही. अर्ध्या तासाने थर्मल कॅमेऱ्यातून तिन्ही फेजचे लग पाहावेत. एकच लग इतर दोघांपेक्षा स्पष्ट गरम दिसला, तर वीज बंद करून तो सांधा उघडावा, साफ करावा आणि पुन्हा आवळावा.