फॉरमॅटचं बटण दाबण्याआधी

लॅपटॉपने रात्री अपडेट घेतलं आणि सकाळी मावशीची एक्स्टर्नल हार्ड डिस्क दिसेनाशी झाली. घरातले सगळे जुने फोटो, काकांचे शेवटचे व्हिडिओ त्यातच. "अरे, सगळं गेलं रे," फोनवर तिचा आवाज कापत होता. मी म्हटलं, आधी डिस्कवर तळहात ठेव. तिला हलकी थरथर जाणवली, छोटा निळा दिवाही लुकलुकत होता. म्हणजे वीज पोचत होती, आतली तबकडी फिरत होती. जीव अर्धा तरी भांड्यात पडला.

डिस्क जोडली की तिचं नाव पडद्यावर उमटेपर्यंत बऱ्याच गोष्टी घडाव्या लागतात. डब्यातली चिप डिस्कची भाषा यूएसबीच्या भाषेत आणते. कॉम्प्युटरचा ड्रायव्हर, म्हणजे डिस्कशी बोलणारा छोटा प्रोग्रॅम, ती ऐकतो. मग डिस्कच्या सुरुवातीलाच असलेला पार्टिशनचा तक्ता (डिस्कचे भाग कुठे सुरू होतात, कुठे संपतात याची नोंद) वाचला जातो, मग फाइल सिस्टिम, म्हणजे फाइल्स मांडून ठेवण्याची पद्धत, ओळखली जाते, आणि सगळ्यात शेवटी विंडोज तिला 'डी', 'ई' असं एक अक्षर देते. अपडेटचा धक्का बहुतेक वेळा ड्रायव्हरला किंवा या अक्षराला बसतो. तुमचे फोटो असतात तिथेच असतात. त्यांच्या दारावरची पाटी तेवढी पडलेली असते.

कोणत्या डिस्कला कोणतं अक्षर, याची नोंद विंडोज आपल्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंग्जच्या वहीत, ठेवते. ती विस्कटू शकते. 2019 मध्ये विंडोज 10 च्या मे महिन्याच्या अपडेटच्या वेळी मायक्रोसॉफ्टने यूएसबी डिस्क किंवा एसडी कार्ड जोडलेल्या कॉम्प्युटरांवर ते अपडेट काही काळ अडवूनच धरलं होतं, कारण 'जी' ड्राइव्ह 'एच' होऊन बसण्याची शक्यता होती. मोठं अपडेट घेताना डिस्क काढून ठेवावी असं मी म्हणतो, ते यामुळेच. (ही अक्षरं 'सी'पासून का सुरू होतात? 'ए' आणि 'बी' फ्लॉपीसाठी राखलेली होती. फ्लॉपी गेली, सवय राहिली.)

स्टार्ट बटणावर राइट-क्लिक करून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा. डिस्क तिथे 'हेल्दी' दिसते पण तिला अक्षर नाही, असं असेल तर त्या पट्टीवर राइट-क्लिक करून अक्षर द्या. शक्यतो 'एम' किंवा त्याच्या पुढचं द्या. नवा पेनड्राइव्ह सहसा सुरुवातीचं मोकळं अक्षर घेतो, त्यामुळे पुढच्या अक्षरावर भांडण होत नाही.

खरी भीती वेगळीच आहे. कधी कधी पडद्यावर 'फॉरमॅट करायचं का?' किंवा 'इनिशियलाइज करा' (म्हणजे नवा तक्ता लिहा) असा प्रश्न येतो आणि घाबरलेला माणूस 'हो' म्हणतो. कृपा करून म्हणू नका! त्या प्रश्नाचा अर्थ इतकाच, की विंडोजला तक्ता किंवा फाइल सिस्टिम वाचता आली नाही. मॅकवर तयार केलेली डिस्क विंडोजला जोडली तरी हाच प्रश्न येऊ शकतो, आणि डिस्क ठणठणीत असते. 'हो' म्हटलंत की जुन्या खुणांवर नव्या खुणा लिहिल्या जातात. अशा वेळी दुरुस्तीसाठी चेक-डिस्क हा विंडोजचा प्रोग्रॅमही आधी चालवू नका, कारण तोही डिस्कवर लिहितो. आधी डेटा बाहेर काढायचा, मग दुरुस्ती.

डिस्क मॅनेजमेंटमध्ये डिस्क दिसतच नसेल तर केबल आणि पोर्ट बदला, हब (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारा डबा) टाळा. यूएसबी 2 पोर्ट 500 मिलीअँपिअर देतो, यूएसबी 3 पोर्ट 900. आणि तबकडी फिरायला लागतानाच डिस्कला सर्वांत जास्त वीज लागते, तेव्हा ती कमी पडायला नको. त्यानंतर डिव्हाइस मॅनेजरमधून (विंडोजमधली जोडलेल्या उपकरणांची यादी) त्या डिस्कची नोंद काढून कॉम्प्युटर रीस्टार्ट करा, ड्रायव्हर नव्याने बसतो. मात्र डिस्कमधून टक-टक असा ठरावीक आवाज येत असेल तर लगेच काढा, पुन्हा जोडू नका आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या.

मॅकवाल्यांनी थोडा धीर धरावा. 'इजेक्ट' न करता ओढून काढलेली डिस्क मॅक आधी गुपचूप तपासतो आणि मगच दाखवतो. डिस्क मोठी असेल तर त्यात बराच वेळ जातो.

मावशीच्या डिस्कला 'एम' दिलं. उघडलेला पहिला फोल्डर 2011 च्या गणपतीचा होता. त्याच संध्याकाळी तिने दुसरी डिस्क मागवली आणि सगळ्यात आधी काकांचे व्हिडिओ तिच्यावर उतरवून घेतले.